जिनातली झोळी आणि अंगणातली शाळा

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘लहान मुलांची वाढ आणि आईबाप’ हा विषय आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. हा विषय डॉक्टरांचा, शिक्षकांचा किंवा निदान चार नातवंडे वाढवलेल्या एखाद्या आजीबाईंचा. आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “तुम्ही उपदेश करू नका, इतिहास सांगा. वऱ्हाडातल्या कष्टकऱ्यांची लेकरे वाढली कशी, एवढेच सांगा.” त्यावर आम्हांला नाही म्हणता येईना. कारण त्या इतिहासाचे एक पान आमच्या घरचेच आहे.

आमचा जन्म १९७१ चा, अकोल्याकडचा. दिवाळीनंतर जिनांचे भोंगे सुरू झाले की आमची माय जिनात जाई, ती थेट होळीपर्यंत. आम्ही अंगावर पिणारे होतो तेव्हा ती आम्हांला बरोबर नेई आणि जिनाच्या आवारात, सरकीच्या ढिगाआड, लुगड्याची झोळी बांधून तीत निजवी. पुढे आम्हांला खोकला जडला. मुकादमानेही मनाई केली. मग दुसरीत शिकणारी आमची ताई शाळेतून काढली. “पोरीले शाळंत धाडलं तं पोराले कोन पाह्यन?” असे माय म्हणाली, आणि त्या प्रश्नाला घरात कोणाजवळ उत्तर नव्हते. ताई आठ वर्षांची होती. तिने आम्हांला कडेवर वागवले, भरवले, निजवले. ती पुन्हा शाळेत गेली नाही. आज आम्ही आपणांपुढे उभे राहून चार शब्द बोलतो, त्या शब्दांची किंमत कोणी मोजली ते आम्हांला ठाऊक आहे.

तेव्हा आमचा सारा विषय एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा: लेकरावर माया करण्यात गरीब आईबाप कधीच कमी पडले नाहीत, कमी पडला तो वेळ. आणि वेळ ही वस्तू आकाशातून पडत नाही. ती मजुरीतून, कामाच्या तासांतून आणि कायद्यांतून मिळवावी लागते.

हे काम घराबाहेर गेले कधी, ते प्रथम पाहू. जुन्या काळी कापसातली सरकी घरोघरी हातरेच्यावर काढीत. ते काम बहुधा बायकांचे. ओसरीवर रेचा चाले आणि शेजारीच लेकरू रांगत असे. आई काम करता करता त्याच्याशी बोले, गाणे म्हणे, मधेच उठून त्याला पाजी. कष्ट होतेच, पण कष्ट आणि लेकरू एकाच छपराखाली होते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रज गिरणीवाल्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा येथील बाजार फुगले, वाफेवर चालणारी जिने व प्रेस उभे राहिले, पुढे बडनेरा, अकोला, अचलपूर येथे कापडाच्या गिरण्याही आल्या. रेचा ओसरीवरून उठला आणि कारखान्यात गेला. त्याच्यामागून बाई गेली. लेकरू कोठे जावे याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

जिन ज्यांनी आतून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रेच्यांची लांबच लांब ओळ. प्रत्येक रेच्यासमोर एक बाई हाताने कापूस घालते. एका बाजूने रुई बाहेर पडते, खाली सरकी. हवेत रुईची बारीक धूळ सतत तरंगत असते. आवाज असा की शेजारणीला हाक ऐकू जात नाही, मग लेकराचे रडणे कोठून ऐकू जाणार? १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले खरे. पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिने हंगामी! हंगामी कारखान्यांना कायदा लागू झाला तो १९११ साली.

मग तान्ह्या मुलाला गप्प ठेवण्यासाठी एक उपाय होता. त्याचे नाव गोड होते: बाळगोळी. तीत अफू असे. सकाळी गोळी दिली की लेकरू दुपारपर्यंत निपचित पडे. मुंबईच्या गिरणगावापासून जिनांच्या गावांपर्यंत ही चाल होती, आणि १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालातही तिची दखल घेतलेली आहे. शहाणे लोक त्या आयांना अडाणी म्हणत. आम्ही म्हणत नाही. भोंगा झाल्यावर फाटक बंद होते आणि फाटकाबाहेर राहिले तर संध्याकाळची चूल बंद होते, हे जिला ठाऊक आहे तिच्यापुढे दोनच मार्ग होते. तिने त्यातला लेकरू जिवंत ठेवील असा वाटणारा मार्ग घेतला. आज आपण जाणतो की पहिल्या दोनतीन वर्षांत मुलाचा मेंदू जितक्या वेगाने वाढतो तितक्या वेगाने पुढे कधीच वाढत नाही. ऐकणे, पाहणे, हाताळणे, कोणी हाक मारली की उलट हुंकार देणे, यावर ती वाढ पोसली जाते. अफूच्या गुंगीत गेलेले तास कोणत्या हिशेबात धरावयाचे?

दुसरे काही शक्य नव्हते काय? होते. कापसाच्या धंद्यातच त्याचे उदाहरण होते. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन या गृहस्थाने १८१६ साली, म्हणजे वऱ्हाडात आगगाडी येण्याच्या पन्नास वर्षे आधी, आपल्या सूतगिरणीच्या आवारात कामगारांच्या चिमुकल्यांसाठी शाळा उघडली. नुकतीच पावले टाकू लागलेली मुलेही तीत घेत. मारावयाचे नाही, धमकावयाचे नाही, पुस्तकांचे ओझे नाही. गाणे, नाच, मोकळी हवा आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे, असा तिचा नेम होता. ओवेन स्वतः गिरणीचा मालक होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९०७ साली रोममध्ये सान लोरेंझो या कामगार वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. तेही कसे? आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले चाळींचे जिने आणि भिंती खराब करतात, म्हणून घरमालकांच्या मंडळीने एक खोली दिली. ज्या पद्धतीच्या शाळांत आज सुखवस्तू घरची मुले जातात तिचा जन्म मजुरांच्या चाळीत झालेला आहे.

आता आपण अमरावतीला येऊ. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक १९१५ साली लग्न होऊन अमरावतीस आल्या. त्यांचे यजमान येथे वकिली करीत. अमरावतीचा तो संसार टिकला नाही. १९२१ साली ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पुढे १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. गिजुभाईही मूळचे वकील. वकिली सोडून बालमंदिर चालवीत होते. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. येथपर्यंतचे काम मोठेच होते. पण ते शहरातल्या शिकलेल्या घरांसाठी होते. माँटेसोरीची लाकडी साधने विकत घेणे खेड्यातल्या शाळेला परवडणारे नव्हते.

१९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीस गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या आणि पुढची सारी हयात त्या कामात राहिल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध या दोघींनी घेतला, तेव्हा त्यांना जे दिसले ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमची ताई उभी राहिली. मुले येत नव्हती कारण ती धाकट्या भावंडांना सांभाळीत होती किंवा गुरे राखीत होती. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, व्यवस्था बदलली. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी शाळा एका ठिकाणी आणली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. जी मुले तरीही येईनात त्यांच्या पाड्यावर जाऊन, झोपडीपुढल्या अंगणातच बालवाडी मांडली. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच साधने. ‘अंगणवाडी’ या शब्दामागची कल्पना ती ही.

संघटनेचा माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. त्याच १९४५ साली, त्याच भागात, गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारली लोकांनी वेठबिगार नाकारली होती. एकीकडे वारल्याने जमीनदाराला सांगितले की माझे श्रम फुकट नाहीत. दुसरीकडे त्याच्या लेकराच्या अंगणात शाळा आली. या दोन चळवळींची माणसे निराळी, वाटाही निराळ्या. परंतु आमच्या मते त्या एकाच गाडीची दोन चाके होत. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी आहे त्याने लेकराशी खेळावे केव्हा? आणि दिवस सुटला तरी त्या वेळात लेकराशी वागावे कसे, हे कोणी दाखवले नाही तर सुटलेला वेळही वाया जातो.

इकडे कायदाही मुंगीच्या पावलाने चालत होता. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात तशाच विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, आणि १९३० मध्ये मध्यप्रांतात झाला. पण अशा कायद्यांत सलग काही महिन्यांच्या नोकरीची अट असे. चार महिन्यांच्या हंगामाची बाई ती पुरी करणार कशी?

पाळणाघराचे तसेच. १९३४ च्या कायद्याने पन्नासाहून अधिक बायका असतील तेथे मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने ती सक्ती केली: सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वच्छ, उजेडाची खोली आणि सांभाळावयास शिकलेली बाई. १९७६ मध्ये पन्नासाची संख्या तीसवर आणली. कागदावर हे उत्तम. पण आम्ही संघटनेत आलो तेव्हा एका कारखान्याच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे एकोणतीसच बायका पाहिल्या. बाकीच्या ठेकेदाराच्या वहीत! २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. २०२० मध्ये संसदेने ज्या नव्या कामगार संहिता मंजूर केल्या त्यांत पाळणाघरासाठी केवळ बायका नव्हे, तर सारेच कामगार मोजून पन्नासाचा आकडा धरला. म्हणजे लेकरू बापाचेही असते हे कायद्याच्या कागदाला उमगले. आणि एवढे होऊनही कापूस वेचणारी बाई कोणत्याच पटावर नाही. तिचा पाळणा आजही बांधावरच्या बाभळीला.

आता शेवटचे मोठे पाऊल. तेही वऱ्हाडच्या मातीत पडले, याचा आपणांस अभिमान वाटावा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी साऱ्या भारतात ३३ ठिकाणे निवडली होती. त्यांत महाराष्ट्रातून मुंबईची धारावी होती आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाटची धारणी होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणे, आईला आहाराची माहिती आणि शाळेआधीचे शिक्षण, अशी सहा कामे एका छपराखाली आली. कोसबाडच्या अंगणातला शब्द सरकारी फलकावर चढला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक लहान मुलापर्यंत ही सेवा पोहोचवण्याचा आदेश दिला. मेळघाटातले बालमृत्यू आणि कुपोषण पुढे देशभर गाजले. पहिली अंगणवाडी जेथे आली तेथेच लेकरे का दगावली, हा प्रश्न आपल्या मानेवर आहे. खिचडीचे पातेले पोहोचले म्हणजे डॉक्टर, रस्ता आणि पावसाळ्यातले हाताला काम पोहोचले असे होत नाही.

आज आमची संघटना ज्यांच्यात काम करते त्या या अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस. सरकार त्यांना वेतन देत नाही, मानधन देते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून पुढे पन्नासेक दिवस महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर बसावे लागले. त्या संपात एका सेविकेने आम्हांला जे विचारले ते आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, “भाऊ, गावाची चाळीस लेकरं मी सांभाळतो, आन् माह्यं धाकटं घरी माह्या पोरीजवळ राह्यते. तिची शाळा बुडते. तुमच्या मागण्यांच्या यादीत लेकरं नेहमी शेवटी काहून राह्यतेत?”

आम्ही त्या रात्री जुन्या दप्तरातल्या मागणीपत्रकांची चळत काढली. बाई खरे बोलत होती. बोनस पहिला, महागाई भत्ता दुसरा, आणि पाळणाघर कोठे नववे, कोठे अकरावे. एवढेच असते तर चालले असते. तडजोडीच्या बैठकीत काही द्यावे, काही सोडावे लागते. आणि दरवेळी सर्वांत आधी आम्ही सोडले ते पाळणाघर. बैठकीत बसणारे आम्ही सारे पुरुष. आमच्यापैकी कोणीही लेकराला आठ तास सांभाळलेले नव्हते. मालकांची चूक आम्ही पस्तीस वर्षे चव्हाट्यावर मांडली. ही चूक आमची आहे आणि तीही चव्हाट्यावरच मांडली पाहिजे. ज्याला त्याच्या ताईने शाळा सोडून वाढवले, त्यानेच हे केले.

तेव्हा आईबापांनी काय करावे? गाडगेबाबा याच मुलखातले. हातावर भाकरी खा पण लेकराला शिकवा, असे ते कीर्तनातून लोकांना बजावीत. त्यांचे ऐकून वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांनी मुलांना शाळेत घातले. आता शास्त्र सांगते की शिक्षण शाळेच्याही आधी, झोळीतच सुरू होते. त्यासाठी पैसा लागत नाही. पहिले सहा महिने आईचेच दूध, आणि ते पाजावयास आईला उसंत. लेकराशी बोलणे, ते बोलू लागण्याच्या पुष्कळ आधीपासून. आपल्या वऱ्हाडी बोलीत, कारण मायेची भाषा तीच. त्याच्या हाताला काम देणे: शेंगा सोलू द्याव्या, पाणी ओतू द्यावे, सांडले तर सांडू द्यावे. बागुलबुवाचे भय घालू नये, हात उगारू नये. ओवेनपासून ताराबाईंपर्यंत सर्वांनी हेच सांगितले. हाती मोबाईल देऊन लेकरू गप्प बसवणाऱ्या सुशिक्षित घरांनी बाळगोळीची गोष्ट एकदा आठवून पाहावी. आईबापांचा वेळ तेव्हा भोंग्याने नेला, आता कोण नेतो ते पाहावे. अंगणवाडीत केवळ खाऊ घ्यावयास जाऊ नये. पालकांच्या बैठकीला बसावे, वजन किती वाढले ते विचारावे, आज काय खेळलात तेही विचारावे.

आणि बापाने काय करावे? हे सांगण्याचा अधिकार आम्हांला थोडका आहे, तरी सांगतो. संपानंतर आमच्या संघटनेने एक ठराव केला. सभा असेल तेथे एका कोपऱ्यात सतरंजी अंथरावयाची, खेळणी म्हणून चिंचोके, डबे, रंगीत चिंध्या ठेवावयाच्या, आणि बायका बोलतील तोवर लेकरे पुरुषांनी सांभाळावयाची, पाळीपाळीने. पहिल्या सभेत ती पाळी आमच्यावर आली. एका तासात आम्ही घामाघूम झालो. पस्तीस वर्षांत कोणत्याही मालकाने आमची एवढी दमछाक केली नव्हती.

ताई आता साठी ओलांडून पुढे गेली आहे. मागल्या वर्षी तिच्या नातीला आम्ही अंगणवाडीत पोहोचवावयास गेलो, तेव्हा ती दारातच उभी राहिली, आत डोकावून पाहू लागली. पोरे मातीचे बैल करीत होती. सेविका म्हणाली, “आजी, या ना आत.” ताई आत गेली, सतरंजीवर बसली आणि तिनेही एक बैल केला. आमच्या नव्या मागणीपत्रकात पाळणाघराची मागणी आता पहिली आहे. तडजोडीत ती सोडावयाची नाही, असेही त्याच कागदावर आम्ही लिहून ठेवले आहे.